आंबटात जंतू मरतात का? अन्नातले जीवाणू, आम्ल आणि त्यांचा चिवटपणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरून लोणची, चटण्या, मसाले करून विकणाऱ्या मंडळींचे आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलांचे प्रश्न वरवर वेगळे दिसतात. पण बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत असते : ‘एवढं आंबट आहे, त्यात काय होणार?’ ती अर्धी खरी आहे, म्हणूनच जास्त फसवते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. आंबट पदार्थात जंतू मरतात, की त्यांची वाढ नुसती थांबते?

दोन्ही घडतं, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. आम्लता पीएचमध्ये मोजतात. आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त आणि प्रत्येक पायरी दहापटीची. दुधाचा पीएच साधारण ६.६, दह्याचा ४ ते ४.५, लिंबाच्या रसाचा २ च्या थोडा वर. साल्मोनेला किंवा ई. कोलाय या पोट बिघडवणाऱ्या जीवाणूंची वाढ पीएच साधारण ४ च्या आसपास थांबते. मात्र वाढ थांबलेला जीवाणू मेलेला नसतो. तो तास न् तास, कधी आठवडेही दबा धरून बसतो. आंबट पदार्थात तो वाढला नाही, तरी मुळात बाहेरून आलेला असेल तर तिथे टिकू शकतो आणि काही जातींना आजार घडवायला वाढण्याची गरजच पडत नाही (प्रश्न १० पाहा).

२. सगळीकडे ४.६ हाच पीएच का सांगतात?

हा आकडा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या एकाच जीवाणूसाठी आहे. त्याचे बीजाणू (म्हणजे त्याची सुप्त, चिवट रूपं) हवाबंद डब्यात रुजले तर अतिशय घातक विष तयार होतं. पीएच ४.६ किंवा त्याखाली ते रुजून वाढत नाहीत, म्हणून त्याहून कमी आंबट डबाबंद पदार्थ १२१ अंश सेल्सिअसला काही मिनिटं तापवावे लागतात आणि जास्त आंबट पदार्थांना त्याहून कमी उष्णता पुरते. ‘४.६ च्या खाली आलो, म्हणजे सगळ्या जंतूंपासून सुटलो’ असा अर्थ त्यातून निघत नाही. ई. कोलायच्या काही जाती तर पीएच २.५ लाही काही तास जगतात.

३. आम्ल जीवाणूला मारतं तरी कसं?

आम्लातले हायड्रोजन आयन, म्हणजे प्रोटॉन, पेशीत शिरतात. ई. कोलायसारख्या जीवाणूच्या पेशीच्या आतला पीएच साडेसातच्या आसपास असतो आणि तो तिथे टिकवण्यासाठी आत आलेले प्रोटॉन सतत बाहेर काढावे लागतात. होडीत पाणी शिरतंय आणि आपण डब्याने उपसतोय, तसं. उपसायचा वेग कमी पडला की आतली प्रथिनं बिघडतात, डीएनएला इजा होते आणि सगळी ऊर्जा उपसण्यातच संपते.

४. चिंच, कोकम, लिंबू, व्हिनेगर : पीएच सारखा असेल तर परिणामही सारखाच ना?

नाही. हा मुद्दा पाककृतीत बदल करणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावा. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, लिंबात सायट्रिक, कोकमात हायड्रॉक्सीसायट्रिक, ताकात लॅक्टिक, व्हिनेगरमध्ये ॲसिटिक. यातल्या प्रत्येक आम्लाचा काही भाग पाण्यात फुटून प्रोटॉन सोडतो आणि काही भाग अखंड राहतो. पीएच मीटर फक्त फुटलेला भाग मोजतो. जीवाणूच्या भिंतीतून सहज आत घुसतो तो मात्र अखंड भाग. आतला पीएच जास्त असल्यामुळे तो तिथे जाऊन फुटतो आणि प्रोटॉन थेट घरातच सोडतो.

पीएच ४ ला ॲसिटिक आम्लाचा सुमारे ८५ टक्के भाग अखंड असतो, लॅक्टिकचा सुमारे ४२ टक्के आणि सायट्रिकचा जेमतेम १२ टक्के. म्हणून एकाच पीएचला व्हिनेगर जास्त जोरकस ठरतं. ‘व्हिनेगरची चव ग्राहकांना आवडत नाही, तर त्याऐवजी लिंबू घालू का?’ असं बरेच जण विचारतात. चवीसाठी जरूर घाला, पण टिकाऊपणाचा हिशोब नव्याने करावा लागेल.

सोडियम बेन्झोएटचंही असंच आहे. पीएच ४ ला त्याचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग अखंड असतो, तर पीएच ७ ला जवळजवळ शून्य. आंबट नसलेल्या पदार्थात ते घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

५. जीवाणू आम्लाला ‘सरावतात’ म्हणजे नक्की काय होतं?

या पानावरचं हे सगळ्यात लांब उत्तर आहे. पुढची बरीचशी उत्तरं यावर उभी आहेत.

१९९० मध्ये अमेरिकेत जॉन फॉस्टर आणि हॉली हॉल यांनी साल्मोनेलावर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला थेट पीएच ३.३ मध्ये टाकलं आणि तो भराभर मेला. दुसऱ्या गटाला आधी पीएच ५.८ मध्ये, एका पिढीपुरतं वाढू दिलं आणि मग त्याच ३.३ मध्ये टाकलं. दुसरा गट शंभर ते हजारपट जास्त टिकला. ५.८ म्हणजे जिभेला धड आंबटही न लागणारी आम्लता, पण तेवढी सूचना साल्मोनेलाला पुरली.

त्या वेळात पेशी बरंच काही करून घेते. आम्लाने बिघडणारी प्रथिनं सावरणारी नवी प्रथिनं बनतात. पेशीच्या पडद्यातल्या मेदाम्लांची रचना बदलते आणि पडदा प्रोटॉनला कमी वाट देतो. शिवाय प्रोटॉन निकामी करणारी यंत्रणा सुरू होते. तिचं सर्वात गाजलेलं रूप ई. कोलायमध्ये दिसतं. तिथे गॅड नावाची विकरं आत शिरलेला प्रोटॉन ग्लुटामेट या अमिनो आम्लाच्या गळ्यात बांधतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि गाबा नावाचं रसायन उरतं. गाबाला बाहेर काढून त्याच दाराने नवं ग्लुटामेट आत आणणारं प्रथिन पडद्यात बसलेलं असतं. प्रत्येक फेरीत एक प्रोटॉन कमी. अर्जिनिन आणि लायसिन ही अमिनो आम्लं वापरूनही अशाच फेऱ्या चालतात.

ग्लुटामेट जीवाणूला कुठून मिळतं? आपल्याच जेवणातून. टोमॅटोत ते भरपूर असतं, जुन्या चीजमध्येही. ‘अजिनोमोटो’ म्हणजे तर ग्लुटामेटचं मीठच. चव खुलवणारी वस्तू जीवाणूच्या ढालीला कच्चा माल पुरवते, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा गंमत वाटली होती.

उपाशी जीवाणूंचं आणखी एक आहे. भरल्या अन्नात जोमाने वाढणाऱ्या पेशी नाजूक असतात. अन्न संपत आलं, वाढ मंदावली, की आरपॉस नावाचं नियंत्रक प्रथिन जागं होतं आणि संकटकाळची अनेक जनुकं एकदम चालू करतं. कळकट ओट्यावर, न धुतलेल्या फडक्यात राहणारे जीवाणू बहुधा याच अवस्थेत असतात.

६. म्हणजे हे म्युटेशन झालं का? अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंसारखं?

नाही. इथे जनुकं तीच राहतात, फक्त कोणती चालू आणि कोणती बंद ते बदलतं. जीवाणू पुन्हा सौम्य वातावरणात वाढू लागला की काही पिढ्यांत हा सराव ओसरतो. अँटिबायोटिक-प्रतिरोध बहुतेक वेळा जनुकातच लिहिलेला असतो आणि पुढच्या पिढ्यांकडे जातो. आम्ल जास्त सोसणाऱ्या कायमच्या जातीही असतात, पण वरच्या प्रयोगातला फरक त्यातून आलेला नव्हता.

७. आम्लाला सरावलेला जीवाणू उष्णतेला आणि मिठालाही जास्त टिकतो, हे खरं का?

खरं आहे, निदान साल्मोनेलाच्या बाबतीत. लेयर आणि जॉन्सन यांनी १९९३ मध्ये दाखवलं, की सौम्य आम्लाला सरावलेला साल्मोनेला उष्णता आणि मीठ यांपुढेही जास्त टिकतो. कारण प्रश्न ५ मध्ये आलंच आहे : बिघडलेली प्रथिनं सावरणारी यंत्रणा आम्लाने बिघाड केला की उष्णतेने, हे पाहत बसत नाही. लिस्टेरिया या दुसऱ्या जीवाणूत हेच काम सिग्मा-बी नावाचा नियंत्रक करतो.

उलट्या दिशेने मात्र हे दर वेळी लागू पडत नाही. मिठाला सरावला म्हणून आम्लालाही सरावेल, असं गृहीत धरता येत नाही. जात, माध्यम, तापमान, सगळ्यावर ते अवलंबून असतं.

८. दही आणि इडलीचं पीठ तर हळूहळूच आंबतं. मग तिथे जीवाणूंना सरावायला वेळ मिळत नाही का?

चांगला प्रश्न, आणि उत्तर ‘मिळतो’ असं आहे. पीठ आंबायला आठ-दहा तास घेतं, त्यात पीएच सहाच्या वरून साडेचारच्या खाली-वर येतो. त्या उतरणीवर थांबायला जीवाणूला भरपूर जागा असते. तरी आपली परंपरा वाचते, ती दोन कारणांनी. दह्यासाठी दूध आधी उकळलेलं असतं आणि चांगलं विरजण लावलं की लॅक्टिक जीवाणू भराभर वाढून इतरांना खायला उरू देत नाहीत. इडली शेवटी वाफवतात. धोका उरतो तो आंबवून न शिजवता खायच्या पदार्थांत आणि विरजण जुनं, कमजोर झालं असेल तिथे. ‘आज दही लागायला फार वेळ लागला, पण लागलं एकदाचं’ असं झालं की मी त्या दह्याची कढी करते, कोशिंबीर नाही.

९. हे सगळं प्रयोगशाळेत. प्रत्यक्षात आंबट पदार्थ खाऊन कुणी आजारी पडलं आहे का?

पडले आहेत. १९९१ च्या शरदात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये सफरचंदाचा ताजा, न तापवलेला रस प्यायल्याने २३ जणांना ई. कोलायच्या ओ१५७:एच७ या घातक जातीचा संसर्ग झाला. या रसाचा पीएच चारच्या खाली असतो. तोवर एवढ्या आंबट रसात हा जीवाणू टिकेल असं फारसं कुणी धरून चालत नव्हतं. १९९४ मध्ये अमेरिकेतच, पश्चिम किनाऱ्यावर, सलामी या कोरड्या, आंबवलेल्या मांसपदार्थातून साथ आली. १९९६ मध्ये पुन्हा सफरचंदाच्या न तापवलेल्या रसातून अमेरिकेच्या पश्चिम भागात आणि कॅनडात सुमारे ७० जण आजारी पडले, एक लहान मूल दगावलं.

त्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये रसउत्पादकांसाठी नियम केला : प्रक्रियेत घातक जीवाणूंची संख्या एक लाख पटीने घटली पाहिजे. ‘रस आंबटच आहे की’ हे उत्तर तेव्हापासून चालेनासं झालं.

१०. मग पोटातलं आम्ल काय कामाचं?

फार कामाचं आहे. रिकाम्या पोटी तिथला पीएच १.५ ते ३ असतो. पटकीचा जीवाणू आम्लाला अगदी नाजूक, म्हणून निरोगी माणसाला आजारी पाडायला तो प्रचंड संख्येने लागतो. स्वयंसेवकांवरच्या प्रयोगांत जीवाणूंसोबत खायचा सोडा देऊन आम्ल मारलं, तेव्हा हजारो पटींनी कमी जीवाणू पुरले. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊत पटकीच्या साथीत भातावरच्या रश्शात लिंबू पिळून खाणाऱ्यांना आजार कमी झाल्याचं आढळलं. म्हणजे इथे आंबटाने खरंच काम केलं.

शिगेला आणि ई. कोलाय ओ१५७ यांची गोष्ट उलटी. शंभराहून कमी जीवाणूही आजार घडवू शकतात, कारण पोटातून जिवंत पार होणाऱ्यांचं प्रमाण मोठं असतं. जेवणानंतर काही वेळ पोटाचा पीएच चढतो आणि चॉकलेट, शेंगदाण्याचं लोणी यांतली चरबी जीवाणूंना पांघरूण घालते, हेही हिशोबात धरा.

११. मी रोज ॲसिडिटीची गोळी घेतो. मला धोका जास्त का?

हो. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या नियमित घेणाऱ्यांत साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टरचे संसर्ग जास्त आढळतात. म्हणून गोळी मनाने बंद करू नका, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. बाहेरची कच्ची चटणी, न तापवलेला रस, अर्धकच्चं अंडं मात्र टाळा.

१२. पाणीपुरीचं पाणी इतकं आंबट-तिखट असतं, तरी पोट का बिघडतं?

कारण जीवाणू हातातून, बर्फातून, पुदिन्यातून ऐन वेळी येतो आणि दोन मिनिटांत पोटात जातो. तेवढ्या वेळात चिंचेचं पाणी त्याचं फारसं वाकडं करू शकत नाही. तिखटाचा तर इथे काही संबंधच नाही. शिवाय पोट बिघडवणारे सगळे जीवाणूच असतात असं नाही. नोरोव्हायरस आणि कावीळ ‘अ’ चा विषाणू आम्लाची फारशी पर्वा करत नाहीत.

१३. लिंबू पिळलेली चटणी लगेच फ्रिजमध्ये ठेवली की जंतू लवकर मरतील ना?

इथे बहुतेक जण चकतात. आम्लाने जीवाणू मरायला थोडी ऊब लागते. थंडीत आम्लाचा मारा मंदावतो. सफरचंदाच्या रसातला ई. कोलाय ओ१५७ प्रयोगात २५ अंशांना दोन-तीन दिवसांत संपला, पण ८ अंशांना दहा दिवसांपासून महिनाभर टिकला. व्हिनेगर घातलेल्या मेयोनेझमध्ये साल्मोनेलाचंही असंच.

पण यावरून ओली चटणी ओट्यावर ठेवायची नाही! तिचा पीएच बहुधा इतका कमी नसतो, की जीवाणूंची वाढही थांबेल. तिथे फ्रिजच हवा. वरचा नियम पक्क्या आंबट पदार्थांपुरता आहे. लोणचं मुरायला आजी ते बाहेर बरणीत ठेवायची, फ्रिजमध्ये नव्हे, यामागे हे नकळत सांभाळलेलं शास्त्र आहे.

लिस्टेरियाला तर थंडी मानवते. तो ४ अंशांना सावकाश वाढतो आणि दहा टक्क्यांच्या आसपास मीठही सोसतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये पोलोनी या तयार खायच्या मांसपदार्थातून त्याची साथ पसरली. १,०६० रुग्ण नोंदले गेले, २१६ मृत्यू झाले.

१४. लोणच्यावरची बुरशी काढून खालचं खाल्लं तर?

नका खाऊ. बुरशीचं विष हा एक भाग झाला. दुसरा फारसा कुणाच्या लक्षात येत नाही : बुरशी आम्ल खाते. ती वाढते तिथे पीएच चढतो आणि आधी ज्याला रुजता येत नव्हतं त्याला रुजायला जागा होते. घरगुती बाटल्यांमधल्या टोमॅटोत बुरशीने पीएच चढवून दिल्यावर बोट्युलिनम वाढल्याची उदाहरणं आहेत. लोणच्यावर तेलाचा थर ठेवायचा तो बुरशीला हवा मिळू नये म्हणून.

१५. तेलात बुडवलेला लसूण तर टिकतोच, मग त्यात आंबट कशाला घालायचं?

तेल हवा अडवतं आणि बोट्युलिनमला नेमकं तेच हवं असतं. लसूण आंबट नाही. त्याचा पीएच साडेपाच-सहाच्या घरात आणि मातीतले बीजाणू त्यावर असणं स्वाभाविक. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये फ्रिजबाहेर ठेवलेल्या तेलातल्या लसणामुळे ३६ जणांना बोट्युलिझम झाला. लसणाच्या लोणच्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर भरपूर असावं आणि ते पाकळीच्या गाभ्यापर्यंत मुरलेलं असावं. नुसतं लसूण-तेल करायचं असेल तर थोडं करा, फ्रिजमध्ये ठेवा, दोन-चार दिवसांत संपवा.

१६. शेंगदाण्याची चटणी, मसाले कोरडे असतात. तिथे तरी निश्चिंत राहायचं का?

कोरड्यात जीवाणू वाढत नाहीत, पण साल्मोनेला महिनोन् महिने टिकतो. आणखी वाईट म्हणजे कोरडा झाला की उष्णतेलाही चिवट होतो. ओल्या पदार्थात ७० अंशांना काही सेकंदांत मरणारा साल्मोनेला कोरड्या पिठात त्याच तापमानाला कित्येक मिनिटं काढतो. अमेरिकेत २००८-०९ मध्ये शेंगदाण्याच्या लोण्यातून आलेल्या साथीत ७१४ जण आजारी पडले, ९ दगावले. भाजणं खमंग आणि पूर्ण हवं. भाजल्यानंतर ओला हात, ओला चमचा, कच्च्या दाण्यांची परात यांचा पुन्हा संबंध येऊ देऊ नका.

१७. शंका आली की उकळायचं. मग तर सगळं संपलं ना?

जिवंत पेशी संपतात. बीजाणू आणि काही विषं उरतात. पेढा-खव्यात, हाताळलेल्या मिठाईत स्टॅफिलोकॉकसने विष आधीच तयार केलं असेल तर ते उकळून जात नाही. शिळ्या भातातल्या बॅसिलस सेरियसचं उलट्या घडवणारं विष १२१ अंशांनाही तग धरतं, पोटातल्या आम्लालाही. रात्री बाहेर राहिलेल्या भाताची सकाळी फोडणी करून तो सुरक्षित होत नाही, हे ऐकून दर कार्यशाळेत कुणीतरी रागावतंच.

१८. मी चटण्या-लोणची विकते. मग क्रम काय ठेवू?

जर्मन शास्त्रज्ञ लोथर लाइस्टनर यांनी ‘अडथळ्यांची’ कल्पना मांडली : आम्ल, मीठ, उष्णता, कोरडेपणा, थंडी यांपैकी एकटं कुणी पुरं पडत नसेल, तर बेताने एकत्र लावा. जीवाणूची सगळी ऊर्जा एकाच वेळी अनेक दारं सांभाळण्यात जाते. यात प्रश्न ५ आणि ७ जोडून पाहा, म्हणजे क्रम का महत्त्वाचा ते कळेल. थोडं आंबट करून दोन तास ठेवायचं, मग थोडं मीठ, मग कोमट करायचं, असं केलं तर आपणच जीवाणूंची शिकवणी घेतल्यासारखं होतं. उष्णता द्यायची असेल तर ती आधी आणि पुरेशी द्या, आम्ल एकदम आणि पुरतं घाला.

फोडी लहान ठेवा. मोठ्या फोडीच्या गाभ्यात आम्ल पोचायला कित्येक दिवस लागतात आणि पीएच रसाचा नाही, मिक्सरमधून फोडीसकट वाटलेल्या लोणच्याचा मोजायचा. कागदी पट्टी मसाल्याच्या रंगात फसवते, साधा डिजिटल मीटर घ्या आणि तो पीएच ४ व ७ च्या द्रावणात वेळोवेळी जुळवून घ्या.

१९. दह्यातले ‘चांगले’ जीवाणूही असेच सरावतात का?

हो. लॅक्टोबॅसिलस प्रोटॉन उपसायला ऊर्जेवर चालणारा पंप वापरतात आणि सौम्य आम्लात आधी राहिले की पुढचं तीव्र आम्ल जास्त सोसतात. प्रोबायोटिक पूड करताना ते वाळवण्यात टिकावेत म्हणून त्यांना आधी मुद्दाम हलका ताण देण्याच्या पद्धतींवर संशोधनही झालं आहे.